बिफोरचा फोटो

चाई पडलीय हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. रविवार होता. मी न्हाऊन अंगणात केस वाळवत बसले होते आणि ती मागं उभी राहून गुंता काढत होती. फणी मधेच थांबली.

"आई, इथं केसच नाहीत."

मी हात मागं नेला. टाळूच्या जरा खाली बोटाला एकदम गुळगुळीत लागलं. रुपयाएवढी जागा. खाज नाही, दुखणं नाही, काही नाही. नुसती कातडी. महिनाभरात ती जागा पुरीएवढी झाली.

कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, ताई, ही चाई. काहींची सहा महिन्यांत भरते, काहींची वर्षात, काळजी करू नका. मी घरी आले आणि काळजी करायला लागले. केस विंचरायच्या वेळी मुलीशिवाय कुणाला जवळ येऊ देईना. अंबाडा सैल बांधून, वर पिना लावून, त्याच्यावर पदर. उन्हाळ्यात परभणीत पदर डोक्यावर घेऊन मशीनवर बसणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

मी ब्लाउज शिवते. पंधरा-सोळा वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला आरसा, दोरीला लटकवलेली मापं. मागच्या गळ्यासाठी माझ्याकडं लांबून बाया येतात. पानाच्या आकाराचा गळा, त्याला उलट्या कापडाची बारीक पायपिंग आणि खाली तीन कापडी बटणं, हे माझं काम. माझ्या अंगावरचा ब्लाउज बघूनच निम्म्या बायांनी माप दिलेलं आहे. त्यामुळं माझ्या पाठीकडं लोक बघतात याची मला सवय होती. फक्त आता त्या पाठीच्या वर काय आहे याची भीती बसली.

ती भीती खरी ठरली पुतणीच्या लग्नात. अक्षता पडल्यावर गर्दीत माझा पदर सरकला. जाऊबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा करायला म्हणून हात घातला आणि तो तिथंच धरून ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय गं! सगळं मोकळंच झालंय की!" आजूबाजूच्या सात-आठ जणी वळल्या. एकीनं तर मोबाइल सावरत वाकून पाहिलं. माझे यजमान चार पावलांवर उभे होते. त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. घरी येताना ऑटोत ते सगळा रस्ता बाहेर तोंड करून बसले. त्यांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करायचं, म्हणजे तार नव्यानं भरून द्यायचं, दुकान आहे. त्या दिवसापासून कुठलं लग्न, बारसं, वास्तुशांत निघाली की ते म्हणायचे, "तू जाऊन ये. मोटारी पडल्यात भरायच्या." मी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

आमच्या गल्लीत एक पार्लर आहे. चांगलं आहे, पण तिथं सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी आपल्याच दारात परत येते. स्टँडजवळ मात्र एका मेडिकलच्या वर ब्युटी पार्लरचा क्लास होता. जिन्यात कागद चिकटवलेला, शिकाऊ विद्यार्थिनींकडून हेअर कट, स्पा, मसाज निम्म्या दरात. निम्मा दर हे एक कारण झालंच. खरं कारण वेगळं होतं. त्या क्लासला येणाऱ्या मुली सगळ्या बाहेरच्या. कुणी पेडगावहून, कुणी पोखर्णीहून, कुणी झरीहून. सकाळच्या एसटीनं यायच्या, संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. मला वाटलं, माझं गुपितही त्यांच्याबरोबर गाडीत बसून गावाबाहेर जाईल आणि तिकडंच राहील.

पहिल्या दिवशी मी जिना चढून वर गेले तेव्हा दहा-बारा पोरी मरून ॲप्रन घालून एका प्लास्टिकच्या डोक्याभोवती उभ्या होत्या. क्लासच्या मॅडमनं विचारलं, "कोण घेणार यांना?" पोरी एकमेकींना ढकलून हसायला लागल्या. एक पुढं आली. अठरा-एकोणीस वर्षांची, शिडशिडीत, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या.

"मी घेते. बसा काकू."

तिनं माझा पदर काढला, पिना एकेक करून हातात घेतल्या, अंबाडा सोडला. मी समोरच्या आरशात तिच्या तोंडाकडं बघत होते. तिला दिसलं हे मला कळलं, कारण तिचा हात क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "काकू, जरा उठता का? ही खुर्ची हिकडं घेते." आणि तिनं खुर्ची फिरवून अशी ठेवली की माझी पाठ भिंतीला आली. इतर पोरींना माझं फक्त तोंड दिसत होतं. त्या अडचणीच्या जागेत, भिंतीला अंग घासत, तिनं माझे केस धुतले, पुसले, कापले.

"भ्यायलाव काय काकू? नका भिऊ. आमच्याकडं मेंढरं हायती. वडील मेंढरं कातरतेत, मी लहानपणापासून कैची धरते. एकदा पण कातडीला लागलेली न्हाई."

मला हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

तिनं माझ्या चाईला काही केलं नाही, हे मुद्दाम सांगते. तेल नाही, लेप नाही. तिनं भांग अर्धा इंच बाजूला सरकवला, वरचे केस लांब ठेवून खालचे टप्प्याटप्प्यानं कापले, आणि दोन बारीक पिना अशा आडव्या लावल्या की वरचा थर बरोबर त्या जागेवर येऊन बसला. "आता वारं सुटलं तरी दिसायचं न्हाई," ती म्हणाली. त्या संध्याकाळी मी पदर न घेता भाजी आणायला गेले.

मग दर दुसऱ्या बुधवारी जायचं ठरून गेलं. ती माझी वाट बघायची, खुर्ची आधीच भिंतीकडं करून ठेवायची. मी जाताना कधी शेंगदाण्याची चटणी न्यायची, कधी उरलेल्या कापडाचा रुमाल. तिच्या बोटांत काहीतरी होतं. कपाळापासून मागं बोटं फिरवायला लागली की डोळे आपोआप मिटायचे. आणि डोळे मिटले की माणूस बोलतं. मला तर दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायचं एवढंच माझं काम. तिथं त्या खुर्चीत बसून मी बोलले. जाऊबाईंचं सांगितलं. पदर कसा धरून ठेवला ते सांगितलं. यजमान ऑटोत बाहेर तोंड करून बसले ते सांगितलं. ते मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. ती पोरगी फार बोलायची नाही. मधेच म्हणायची, "जाऊ द्या काकू." आणि बोटं चालू ठेवायची.

परीक्षा जवळ आली तेव्हा तिनं विचारलं, "काकू, माझी मॉडेल व्हता का?" मला वाटलं ती चेष्टा करतेय. "माझ्या डोक्यावर कुणी परीक्षा देतं का?" पण ती म्हणाली, "चांगल्या केसावर कुणी बी देईल. मॅडम म्हणाल्या, अवघड केसाला मार्क लय." मी हो म्हणाले. मग तिनं हळूच सांगितलं की फाइलमधे बिफोरचा आणि आफ्टरचा फोटो लावावा लागतो.

मी लगेच नाही म्हणाले.

"फक्त मागून, काकू. तोंड येणार न्हाई. परीक्षेच्या मॅडमशिवाय कुणी बघणार न्हाई. पोखर्णीच्या नरसिंहाची शपथ." शपथ मी मागितली नव्हती, तिनंच घेतली. पोखर्णी आमचं कुलदैवत आहे हे तिला माहीत होतं, मीच कधीतरी बोलले होते.

मी डोळे मिटून बसले. तिनं केस दोन्हीकडं घेतले, मधली जागा मोकळी केली आणि मोबाइलचा आवाज झाला. "बघायचाय का?" तिनं विचारलं. "नको," मी म्हणाले. मी ती जागा कधीच पाहिली नव्हती. दोन आरसे धरून बघता आली असती, घरात आरशांना तोटा नाही. पण मी पाहिली नव्हती.

तिला पहिला वर्ग मिळाला. पेढे घेऊन ती घरी आली, माझ्या मुलीला तिनं सागरवेणी घालून दिली. चार महिन्यांनी तिनं झरीत स्वतःचं पार्लर टाकायचं ठरवलं. तिच्या गावातच, स्टँडसमोरच्या गाळ्यात. मी तिला उद्घाटनासाठी ब्लाउज शिवून दिला, मोरपंखी रंगाचा, माझ्या हातचा तो पानाचा गळा घालून. माप घेताना ती जमिनीकडं बघत होती. मी विचारलं, "कोणत्या वारी आहे? मी येते." तर म्हणाली, "कशाला काकू, लय ऊन हाय. तुमची लग्नसराई चालू. मागून या निवांत." मला तिचं कौतुक वाटलं. माझ्या कामाची तिला किती काळजी, असं वाटलं.

त्यानंतर दीड-दोन महिने गेले. एका दुपारी झरीकडची एक बाई ब्लाउजपीस घेऊन आली. नवी होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून आली होती. मी माप घेतलं आणि विचारलं, गळा कसा ठेवू? तिनं मोबाइल काढला.

"थांबा ताई, फोटो काढून आणलाय. असाच पाहिजे. आमच्या गावात एका फ्लेक्सवर हाय."

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पानाचा गळा, उलट्या कापडाची पायपिंग, तीन कापडी बटणं. माझा ब्लाउज. मला क्षणभर आनंदच झाला.

"गळा बघा ताई, डोकं सोडा," ती म्हणाली. "बिचारीच्या डोक्याचं काय झालंय बघा ना."

मग मी वर पाहिलं.

ते माझं डोकं होतं. दोन्ही बाजूंना केस धरलेले आणि मधे ती जागा. मला वाटत होती त्यापेक्षा कितीतरी मोठी, पांढरट, चकाकणारी, कडेला मोडकळल्यासारखे दोन-चार केस. शेजारी दुसरा फोटो, कमरेपर्यंत काळ्याभोर केसांची एक पाठ. त्याच्यावर मोठ्या अक्षरात बिफोर, आफ्टर. खाली लिहिलेलं, आमच्या खास तेलानं आठ आठवड्यांत फरक पाहा.

"जमेल का?" बाईनं विचारलं.

"जमेल," मी म्हणाले. कापड मापून घेतलं, पावती लिहिली. ती गेल्यावर मी दाराची कडी लावली आणि मशीनजवळ खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यजमानांना सांगितलं, अस्तर आणायला जाते. आणि स्टँडवर जाऊन झरीवरून जाणाऱ्या जिंतूर गाडीत बसले. वाटेत मी मनाशी तिची बाजू घेत होते, हे आज आठवलं की माझाच राग येतो. तिला माहीत नसेल, फ्लेक्सवाल्यानं चुकून टाकला असेल, मॅडमनं दिला असेल. झरी येईपर्यंत मी तिला जवळजवळ माफ केलं होतं.

फ्लेक्स गाळ्याच्या वर होता, अख्ख्या रुंदीचा. गाडीतून उतरल्या उतरल्या दिसला. माझं डोकं एखाद्या परातीएवढं. खाली दोन माणसं सावलीला बसून तंबाखू मळत होती. मी पदर डोक्यावर ओढला. गरज नव्हती खरं तर, पण ओढला.

गाळ्याच्या दाराला गुलाबी पडदा होता. मी तो बाजूला करणार तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. ती कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होती. माझा हात तसाच राहिला.

"ती फोटोतली बाई परभणीची टेलर हाय. लय बेजार झालती. जावेनं भर लग्नात पदर ओढला, सगळ्यासमोर. नवऱ्यानं बोलणंच टाकलं. ऑटोत बसला तर हिच्याकडं बघायचा बी न्हाई, बाहेर तोंड करून बसायचा. सोडचिठ्ठीपर्यंत गोष्ट गेलती."

"अगं माय!"

"मग रडत रडत मह्याकडं आली. म्हणली, पोरी, तूच कायतरी कर. आठ हप्ते तेल लावलं. आता बघा कसे केस हायत, कमरेपर्यंत."

"मंग नवऱ्यानं ठेवून घेतलं का?"

"घेतलं तर! आता गाडीवर मागं बसवून फिरवतो."

फोटोचं मी कसंही करून गिळलं असतं. कागदावरचं डोकं, ओळखणाऱ्या ओळखतील, बाकीच्या विसरतील. पण ऑटोतलं मी तिला सांगितलं होतं. फक्त तिला. डोळे मिटून, तिची बोटं माझ्या डोक्यात असताना. त्याच बोटांनी ती आता दुसरीचं डोकं धूत होती आणि तोंडानं माझा संसार विकत होती. त्यात भर घालून.

मी पडदा सारला. ती वळली. तिच्या अंगात मी शिवलेला मोरपंखी ब्लाउज होता.

"काकू! कव्हा आल्या? बसा की. पाणी देऊ?"

"फ्लेक्स काढ."

खुर्चीतली बाई ओल्या केसांनी माझ्याकडं बघायला लागली. आधी तोंडाकडं, मग डोक्याकडं.

"काकू, आत या ना. हिकडं बोलू."

"इथंच बोल. काढणार का नाही?"

ती हात पुसत जवळ आली. आवाज अगदी खाली आणला. "चेहरा कुठं हाय काकू त्याच्यात? पाठच तर हाय."

"त्या पाठीवर मी शिवलेला ब्लाउज आहे. काल एक बाई तुझ्या फ्लेक्सचा फोटो घेऊन माझ्याच घरी आली, गळा दाखवायला. तू शपथ घेतली होतीस."

"तोंड येणार न्हाई म्हणले होते. तोंड न्हाई आलं."

शपथेतलं 'कुणी बघणार न्हाई' हे तिनं गाळलं. तिनं हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं. मी कधीतरी येणार आणि आले की हे बोलायचं, हे तिच्याजवळ तयार होतं.

"आणि ती शेजारची कोण?"

"मही वहिनी."

"माझ्या डोक्याला तू कधी तेल लावलंस? एकदा तरी? केस फिरवून ती जागा झाकलीस फक्त."

"हळू बोला काकू," ती म्हणाली, आणि खुर्चीकडं तिची नजर गेली. "गिऱ्हाईक हाय."

हळू बोला. मला, तिच्याच गाळ्यात, माझ्याच डोक्याबद्दल.

तिचे डोळे भरून आले तेव्हा. खोटे नव्हते, तेवढं मी ओळखते. "उघडलं तेव्हा तीन हप्ते खुर्ची रिकामी होती काकू. बाया दारातून बघून जायच्या. मेंढरंवाल्याची पोरगी, ही काय केस कापणार, म्हणायच्या. फ्लेक्स आधीच छापून ठेवलता, लावायचा धीर होत नव्हता. लावला अन् दुसऱ्या दिवसापासून यायल्यात. मी तुमच्याच डोक्यावर शिकले. दाखवायला मह्याकडं दुसरं काय हाय?"

"मला विचारायचं होतंस."

"तुमी न्हाई म्हणल्या असत्या."

"हो. नाहीच म्हणाले असते."

"म्हणूनच न्हाई विचारलं."

मी वर, फ्लेक्सच्या दिशेनं बोट केलं. ती म्हणाली, उद्या काढते, आज शिडी न्हाई. खुर्चीतली बाई हळूच म्हणाली, "बसा ना ताई, उभ्या कामून?" तिच्या आवाजात कीव होती. मी बाहेर पडले. परतीची गाडी यायला पाऊण तास होता आणि बसायची बाकं बरोबर फ्लेक्ससमोर होती. मी गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत चालत गेले आणि तिथं एका बाभळीखाली उभी राहिले. गाडी हात करून थांबवली.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं, हे यजमानांच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायच्या आत मी सांगायचं. फ्लेक्सचं नाही. ते बोलणं. मी बाहेरच्या पोरीला आपल्या घरातलं सांगितलं हे. संध्याकाळी ते दुकानातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी मुलीला शेजारी पाठवलं आणि सगळं सांगितलं. ऑटोचंही. खाली बघून सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मी पाहिला तो फ्लेक्स," ते म्हणाले.

"कधी?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस. झरीत एकाची मोटार आणायला गेलतो."

"कळलं माझा आहे ते? ब्लाउजवरून?"

"ब्लाउज मी कशाला बघू? डोकं तुझं हाय ते मला कळणार न्हाई का? झोपल्यावर रोज बघायचो. वाढायली का कमी व्हायली ते."

मला वाटत होतं त्यांनी त्या लग्नानंतर माझ्याकडं पाहिलंच नाही. आणि हे रोज बघत होते, मी झोपल्यावर. मला काय वाटावं तेच कळेना. बरं वाटलं, आणि त्याच दमात असं वाटलं की मला कुणी ढकलून दिलंय.

"मग बोलला का नाहीत? पंधरा दिवस? फाडून का नाही टाकला?"

"फाडला असता तर तुला कळलं असतं की मी बघितलाय."

"मग?"

"मग काय. मला वाटलं, तुला माहीत नसलं तर राहू दे तसंच. दिसू नये म्हणून तू इतकी जपायचीस. म्हणून तर मी कार्यक्रमाला यायचो न्हाई. मी सोबत असलो की तू सारखा पदर सावरायचीस."

मी चिडले. तेवढी मी झरीतही चिडले नव्हते. म्हणाले, पंधरा दिवस तुमची बायको चौकात टांगलेली होती आणि तुम्ही मोटार घेऊन घरी आलात, जेवलात, झोपलात. मला वाटायचं तुम्हाला माझी लाज वाटते, दीड वर्ष मी तसंच समजून राहिले, आणि तुम्ही एका वाक्यानं सांगितलं नाही. ते म्हणाले, "चुकलं." एवढंच. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी स्वयंपाक केला. त्या दिवशी वरणात मीठ टाकायचं राहिलं आणि सगळ्यांनी ते तसंच खाल्लं.

चार दिवसांनी त्या पोरीनं व्हॉट्सॲपवर गाळ्यावरच्या रिकाम्या भिंतीचा फोटो पाठवला. खाली हात जोडल्याची दोन चित्रं. मी उत्तर दिलं नाही. यजमानांना विचारलं, खरंच काढलाय का, तर त्यांनी मान डोलावली. ते त्या वाटेनं जाऊन बघून आले होते. आता ते लग्नांना येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मांडवात मला त्यांचीच जास्त अडचण वाटली. पाठीमागं कुणी उभं राहिलं की मी अजून वळून बघते, मग ते असोत की जाऊबाई.

केस आले. डॉक्टर म्हणाले होते तसेच, आपोआप. आधी लव आली, मग बारीक केस, सगळे पांढरे. आता लांबीनं बाकीच्यांत मिसळलेत, पण तेवढा पट्टा पांढराच राहिलाय. माझे केस आता मुलगीच कापते, परसात, शाळेच्या वहीवर पट्टीनं रेघ मारावी तसे सरळ. चांगले नाही दिसत. पार्लरमधे मी त्यानंतर गेले नाही. दोनदा जिन्यापर्यंत गेले होते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नवा नंबर होता म्हणून मी उचलला.

"काकू, मी बोलायले. ठेवू नका."

मी ठेवला नाही.

"केस आले म्हणे तुमचे. ऐकलं मी. लय बरं वाटलं, खरंच. काकू, एक मागू का? नवा फ्लेक्स करायचाय, आता आफ्टरचा फोटो द्या ना. मागून फक्त. मग खोटं कायच राहणार न्हाई त्याच्यात. वहिनीचा टाकायची गरजच न्हाई."

तिला खरंच वाटत होतं की असं केलं की हिशेब बरोबर होईल. तिच्या आवाजात जराही लबाडी नव्हती, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला. वर्षभर मी त्या पोरीच्या हातात डोकं दिलं आणि ती काय आहे हे मला कळलं नव्हतं. तिलाही मी कळले नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "आणि यापुढं फोन करू नको."

"बरं काकू." तिनं वाद घातला नाही. फोन ठेवायच्या आधी मात्र म्हणाली, "नवे केस नाजूक असतेत. न्हाताना कडक पाणी घेऊ नका. कोमट घ्या."

मी फोन ठेवला आणि मशीनवर बसले. एक बाही राहिली होती, ती उलटी जोडली गेली, उसवून परत जोडली. पाणी मी तेव्हापासून कोमटच घेते. आणि तांब्या डोक्यावर ओतताना दर वेळी मला तिचा राग येतो.